हाताने शिवलेले जुन्या स्टाइलचे लेदर बूट: इंदूरमध्ये बनवून घेऊ की ऑनलाइन मागवू?

रामबागवाला

नमस्कार मंडळी. डिसेंबरात लग्न आहे माझं. विधींना सोवळं आणि पगडी, तिथे बुटांचं काही काम नाही, पण संध्याकाळी रिसेप्शनला नेव्ही ब्लू थ्री-पीस शिवून घेतलाय आणि त्याखाली मला ते मॉलमध्ये मिळणारे टोकदार चकचकीत बूट अजिबात नकोत. मला १९३० च्या सुमाराचे असायचे तसे हवेत, गोलसर टो, मध्ये कंबर घेतलेला सोल, लेदरची थरांची टाच. आपल्या इंदूरच्या महाराजांचं, यशवंतराव होळकरांचं, ते बुते द मोनव्हेल या फ्रेंच चित्रकाराने काढलेलं वेस्टर्न ड्रेसमधलं पोर्ट्रेट पाहिलंय ना सगळ्यांनी, तो थाट डोक्यात बसलाय.

आता दोन ऑप्शन समोर आहेत. एक आग्र्याचा ऑनलाइनवाला, १३ हजार सांगतोय, "हँडमेड, गुडइयर वेल्टेड, फुल ग्रेन" असं सगळं लिहिलंय. दुसरे राजवाड्याच्या मागच्या बाजारातले एक कारागीर, वयस्कर आहेत, ते म्हणाले फोटो आणून दे, ७ हजारात जोड बनवून देतो. त्यांचा सँपल जोड दिसायला खरंच सुंदर होता, पण आत नाक घातलं तर सोल्युशनचा वास, मग शंका आली की हे शिवलेलं आहे की चिकटवलेलं.

माझ्या पायाचा पण लोचा आहे. पुढून रुंद, वरून उंच. ८ नंबर करंगळीला चावतो आणि ९ घेतला की टाच मागून निसटते. म्हणून रेडीमेडची भीती वाटते. घरी बाबा म्हणतायत एका संध्याकाळसाठी एवढे पैसे कशाला, पण मला ते पुढची पंधरा वर्षं घालायचेत, ऑफिसला, दुसऱ्यांच्या लग्नांना, सगळीकडे. ज्यांना यातलं कळतं त्यांनी नीट सांगा, काय बघून घ्यायचं, काळे की ब्राउन, आणि लेदर सोल हॉलच्या मार्बलवर घसरतो का.

पलासियाकर

अभिनंदन रे! पहिलं काम, ऑक्सफर्ड की डर्बी ते ठरव. ऑक्सफर्डमध्ये नाड्यांच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या भागाच्या खाली शिवलेल्या असतात, त्यामुळे बांधल्यावर पूर्ण मिटतात, एकदम बंद आणि औपचारिक दिसतं. डर्बीत त्याच पट्ट्या वरून शिवतात, बांधल्या तरी मोकळ्या राहतात. उंच पायाच्या माणसाने रेडीमेड ऑक्सफर्ड घातला तर नाड्यांच्या जागी ही मोठी फट राहते, आतली जीभ दिसत बसते आणि सगळा लूक जातो. तुझ्या पायाला रेडीमेडमध्ये डर्बीच. ऑक्सफर्ड हवाच असेल तर मापाने बनव.

आणि होळकर महाराजांचं ते १९२९ चं पोर्ट्रेट ईव्हनिंग ड्रेसमधलं आहे. तो काळा टेलकोटचा मामला, त्याखाली काळंच चालतं. तू नेव्ही सूट घालतोयस तर गडद ब्राउन पण शोभेल. भोकांची नक्षी मात्र फार नको. ब्रोगवर जेवढी भोकं जास्त तेवढा बूट कमी औपचारिक, मुळात ते आयर्लंड-स्कॉटलंडकडचे रानावनात वापरायचे जोडे. रिसेप्शनला पुढे एक सरळ शिवण असलेला साधा कॅप टो घे.

धागा_आणि_मेण

रामबागवाले, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितोय. देवासकडच्या चामड्याच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीयत, आता राजेंद्रनगरला असतो.

"हँडमेड" या शब्दावर एक रुपयाही देऊ नका. पेस्टिंगचा बूटसुद्धा हातानेच चिकटवतात, हातानेच फर्म्यावर (पायाच्या आकाराचा साचा) ओढतात, मग तोही हँडमेडच झाला की. विचारायचं ते हे की तळ वरच्या चामड्याला कशाने धरलाय. बुटाचं आयुष्य तिथे ठरतं, वरची नक्षी नंतर.

तीन तऱ्हा धरून चाला. पहिली पेस्टिंग, फक्त सोल्युशन, शिवण नाही. बाजारातले बहुतेक फॉर्मल बूट हेच. हलके असतात, स्वस्त पडतात, पण सोल सुटला किंवा झिजला की नीट दुरुस्ती जवळपास संपली. दुसरी ब्लेक, लायमन ब्लेक नावाच्या अमेरिकन माणसाने १८५८ मध्ये या मशीनचं पेटंट घेतलं. यात टाका आतल्या तळातून थेट बाहेरच्या सोलपर्यंत जातो. बूट बारीक, लवचिक, कडा पायाला चिकटून, दिसायला देखणा, पण तो टाका आरपार असल्यामुळे पाण्याला आत यायला वाट मिळते. तिसरी वेल्ट. वरचं चामडं, अस्तर आणि आतला तळ यांना कडेने चामड्याची एक पट्टी शिवतात, ती वेल्ट, आणि मग बाहेरचा सोल त्या पट्टीला वेगळ्या टाक्याने शिवतात. दोन टाके, दोन वेगळी कामं. सोल झिजला की बाहेरचा टाका उसवायचा, नवा सोल लावायचा, वरच्या चामड्याला हात लागत नाही. पंधरा वर्षं घालायचेत म्हणताय ना, मग तुम्हाला हेच पाहिजे.

वेल्टमध्ये पण दोन जाती. गुडइयर वेल्ट मशीनचा, साधारण १८७० च्या आसपास चार्ल्स गुडइयरच्या मुलाने तो प्रकार चालू केला (बाप तो रबर पक्कं करणारा). त्यात आतल्या तळाला कापडाची एक उभी पट्टी चिकटवतात आणि मशीनची शिवण तिच्यातून जाते. हाताच्या वेल्टमध्ये आतला तळ जाड चामड्याचा घेतात, त्यालाच रापीने (चामडं कापायची सुरी) कापून कड उभी करतात, आरीने एकेक भोक पाडतात आणि मेण-राळ लावलेल्या दोऱ्याने दोन्ही बाजूंनी टाका ओढतात. चिकटवलेलं काही नाही, चामडं चामड्याला धरतं. माझ्या मते यापेक्षा पक्कं बांधकाम बुटात नाही, आणि आपल्याकडच्या एखाद्या म्हाताऱ्या कारागिराला हे येत असेल तर तो ७ हजारात सांगतोय म्हणजे स्वतःच्या हाताची किंमत कमी लावतोय.

सोल्युशनच्या वासाने लगेच घाबरू नका. वेल्टच्या बुटातही अस्तर बसवायला, टाच लावायला, शिवायच्या आधी सोल जागेवर ठेवायला सोल्युशन लागतं. वासाने नाही, हाताने तपासा. बूट उलटा करून सोलच्या कडेने टाका फिरलाय का बघा, कधी तो बारीक खाचेत लपवलेला असतो, मग खाचेची रेघ दिसते. मग आत हात घालून वरची गादी थोडी उचला. आतल्या तळावर कडेने टाक्यांची रांग लागली तर ब्लेक. आत काही नाही पण बाहेर वेल्टवर आणि सोलवर दोन्हीकडे टाका आहे, तर वेल्ट. आणि एक फसवणूक सर्रास चालते, पेस्टिंगच्या बुटाला कडेने शिवण मारलेली शोभेची पट्टी लावून देतात, वरून टाके दिसतात, खाली सोलवर काहीच नाही. हे बघितल्याशिवाय ऑनलाइनवाल्याला पैसे पाठवू नका, त्याच्याकडून सोलचा आणि आतला फोटो मागा. खरा असेल तर आनंदाने पाठवेल.

चामडं. "जेन्युइन लेदर" म्हणजे फक्त एवढंच की चामडं आहे, कुठल्या थराचं ते कळत नाही. फुल ग्रेन म्हणजे वरची मूळ त्वचा घासलेली नाही, रंध्रं तशीच. अंगठ्याने बाजूला दाबा, बारीक बारीक सुरकुत्या पडून सोडल्यावर मिटल्या तर चांगलं. एकसारखा प्लास्टिकसारखा पृष्ठभाग आणि दाबल्यावर एकच जाड घडी, तर वरून घासून रंगाचा थर दिलेलं. असा बूट दुकानात जास्त चमकतो, वर्षभरात घडीवर तडकतो आणि त्यावर काही इलाज नाही. अस्तर पण चामड्याचंच घ्या, रेक्झिनचं नको, पाय घामेजतो. सोल आणि आतला तळ झाडपाल्याने, म्हणजे बाभळीची साल, हिरडा वगैरेंनी कमावलेल्या चामड्याचे असतील तर उत्तम, ते घाम पितात आणि हळूहळू पायाचा आकार घेतात. वेल्टच्या बुटात मधल्या पोकळीत कॉर्क भरतात, तोही पायाप्रमाणे दबतो. म्हणून सुरुवातीला हे बूट कडक वाटणारच, घाबरायचं नाही.

आता तुमच्या पायाचं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली, त्यात हेच निघालं की आपले पाय युरोपी पायांपेक्षा पुढून रुंद असतात, आणि आपण नंबर वापरतो इंग्लंडचे. त्या हिशेबात एका नंबराने लांबी साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते, रुंदीचा विचार वेगळाच असतो. तुम्ही रुंदी मिळवायला लांबी वाढवताय म्हणून टाच निसटते. उपाय एकच, ८ चाच फर्मा आणि त्याच्या पुढच्या बाजूला चामड्याचे तुकडे चिकटवून तुमच्या पायाएवढा रुंद करायचा. जुने कारागीर हे करतात. तुमच्या कारागिरांना एवढंच विचारा की फर्म्यावर वाढ कशी देता, उत्तर ऐकल्यावर तुम्हाला माणूस कळेल.

लश्करवाला_ग्वाल्हेर

वरच्या काकांनी जे लिहिलं ते बरोबरच आहे, पण मी थोडी दुसरी बाजू सांगतो. ग्वाल्हेरला मी बँकेत आहे, दिवसभर काउंटर आणि फिरणं, त्यामुळे बुटांवर माझा जीव आहे. लोकल कारागिरांचं शिवणकाम उत्तम असतं, पण डिझाइनमध्ये हात सरळ नसतो. फोटो दिला की फोटोसारखं वरचं कापतात, पण खाली फर्मा मात्र त्यांच्याकडे जो पडलाय तोच, आणि विंटेज लूक सगळा फर्म्यात असतो. टो गोल पण जाड नाही, मधे कंबर आतून दाबलेली, हे चामडं कापून येत नाही, फर्मा तसा असावा लागतो. म्हणून फोटो दाखवण्याआधी दुकानात फर्मे कुठले कुठले आहेत ते बघून घ्या, आणि त्यातला एक तुम्हाला आवडला तरच पुढे बोला. नाही आवडला तर आग्र्याचा रुंद फिटिंगवाला बूट घ्या, बरेच जण आता रुंदी विचारून बनवतात.

दुसरं वेळेचं. बूट फर्म्यावर चढवल्यावर बरेच दिवस तसाच बसायला लागतो, घाईत काढला की आकार सुटतो आणि पावसाळ्यात तर भिजवलेला तळ वाळतच नाही. दिवाळीच्या तोंडावर सगळ्या कारागिरांकडे गर्दी. नवरात्राच्या आधी माप देऊन टाक भावा, मग उशीर झाला म्हणून कुणाला काही म्हणायची वेळ नको.

रामबागवाला

धन्यवाद सगळ्यांना, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आज जाऊन आलो. त्यांनी स्वतःहून सांगितलं की सँपलचा जोड ब्लेक आहे, टाका आत दाखवला पण. वेल्ट हाताने करतो म्हणाले, पण त्याला ११ हजार आणि वेळ जास्त, कारण तो दोरा हल्ली तेच ओढतात, मुलाला येत नाही. फर्म्यावर वाढ कशी देता विचारल्यावर काही बोललेच नाहीत, मागून एक फर्मा काढून हातात दिला, त्यावर चामड्याचे तीन थर लावलेले, कुणाच्या तरी सुजलेल्या सांध्यासाठी. मला पटलं. टो पण गोल आहे, थोडा जाड वाटतो पण ते म्हणाले तासून देतो.

आता राहिले प्रश्न. माप घेताना मी काय लक्षात ठेवू? मार्बलवर घसरण्याचं कुणी बोललं नाही. आणि लग्नानंतर पावसाळा आला की हे ठेवायचे कसे, आमच्याकडे कपाटात बुरशी येते.

दांडियाबाजार_वडोदरा

बुरशीचं मी सांगते, इथे बडोद्यात आमच्याकडे दर पावसाळ्यात हाच कार्यक्रम असतो. बूट घातल्या दिवशी रात्री लगेच कपाटात कोंडायचे नाहीत. आत देवदाराचे शू ट्री घालून रात्रभर मोकळे ठेवा, ते लाकूड ओल ओढून घेतं आणि पुढची सुरकुती सरळ ठेवतं. शू ट्री नसतील तर वर्तमानपत्राचे बोळे, पण ते ओले झाले की बदलायचे. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही, सुती पिशवी शिवून घ्या. एकच जोड रोज सलग घालू नका, घाम वाळायला एक दिवस तरी मधे पाहिजे. बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडायची, मग ओलसर कपड्याने पुसून सावलीत वाळवायचं, उन्हात किंवा हीटरपुढे नाही, चामडं कडक होऊन तडकतं.

आणि एक सांगायचं राहतं ते असं की बऱ्याच जणांना अनुभव असेल, लग्नातले बूट दोन-चार वर्षं नुसते डब्यात ठेवले आणि काढून घातले तर हॉलमध्ये चालता चालता सोलचे तुकडे पडायला लागतात. तो पीयू (पॉलियुरेथेन) सोल असतो, हवेतल्या ओलीने तो आतून कुजतो, वापरा की न वापरा. आमच्या एका नातेवाइकांच्या बुटांचे तर मंगलाष्टकं चालू असताना भुगे झाले, बिचारे मोज्यांवर अक्षता टाकत होते. चामड्याच्या सोलला हे होत नाही. म्हणून बाबांना सांगा, एका संध्याकाळसाठी स्वस्तातले घेतले तर पुढच्या लग्नाला ते असतीलच असं नाही.

धागा_आणि_मेण

ताईंनी अगदी बरोबर लिहिलंय.

माप: संध्याकाळी द्या, दिवसभरात पाय थोडा सुजतो. उभं राहून, दोन्ही पायांवर सारखं वजन. दोन्ही पायांचं वेगळं घ्यायला लावा, बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो. रिसेप्शनला जे मोजे घालणार तेच त्या दिवशी घाला, जाड सुती मोज्यावर माप देऊन नंतर पातळ घातले की फरक पडतो. कागदावर पायाची आकृती काढतील ती नुसती पुरेशी नाही, बोटांच्या सांध्यांवरून, मधल्या भागावरून आणि टाचेपासून वर उंचवट्यावरून फीत फिरली पाहिजे. तुमचा उंच भाग तिथे सापडतो, आणि तो सापडला तर ऑक्सफर्डच सांगा, डर्बीवर समाधान मानायची गरज नाही.

मार्बल: नवा लेदर सोल घसरतो, हे खरं आहे. रिसेप्शनच्या आधी घराबाहेर कोरड्या रस्त्यावर थोडे थोडे चाला, सोल खरखरीत होतो आणि मग पकड येते. तेवढ्यात बूट पायालाही सैल होतात. टाचेच्या शेवटच्या थराला मागच्या बाजूने रबराचा तुकडा बसवून घ्या, पाऊल आधी तिथेच टेकतं. पुढच्या सोलला पातळ रबर चिकटवून देतात ते पावसाळ्यापूर्वी करा, लग्नाच्या आधी नको, कडेचा देखणेपणा जातो. पावसात मात्र लेदर सोल घालून बाहेर पडायचंच नाही, भिजलेला सोल फार लवकर झिजतो.

पॉलिशचं लोक उलटं करतात. आधी क्रीम, ते चामड्याला मऊ ठेवतं आणि रंग देतं, घोड्याच्या केसांच्या ब्रशने भरपूर घासायचं. डबीतलं मेणाचं पॉलिश त्यानंतर, आणि आरशासारखी चमक हवी तर फक्त टोवर आणि मागे टाचेवर, जिथे बूट वाकत नाही तिथे. बोटांच्या घडीवर मेणाचे थर चढवले की ते तडकतात आणि पांढऱ्या रेघा दिसतात. वेल्टच्या खाचेतली धूळ जुन्या टूथब्रशने काढत जा, तिथे माती साचली की दोरा खाते. आणि बूट घालताना शूहॉर्न, मागची बाजू चेपून पाय कोंबायचा नाही. आपल्याकडे ही सवय सगळ्यांना आहे आणि चांगल्यातल्या चांगल्या बुटाची टाच त्याने मरते.

रंगाचं विचारलं होतंत. पहिलाच चांगला जोड आहे तर मी काळा सांगेन. गडद ब्राउनला रंगाची खोली येते, वर्षानुवर्षं क्रीम लावल्यावर तर फारच, पण काळा कुठल्याही सूटवर आणि कुठल्याही प्रसंगाला जातो, आणि तुमची हौस महाराजांच्या पोर्ट्रेटवरून सुरू झालीय म्हटल्यावर दुसरा रंग मला सुचतच नाही. ११ हजार योग्य आहेत. घासाघीस करू नका.

पलासियाकर

काळ्याला माझा पण होकार. मुलाला येत नाही म्हणाले ते वाचून वाईट वाटलं. ज्यांना ज्यांना परवडतं त्यांनी एक एक जोड तिथे सांगायला हवा, पुढे हा टाका इंदुरात बघायला मिळणार नाही. भिया, पत्ता मेसेजमध्ये टाक.

रामबागवाला

टाकतो. काळा कॅप टो ऑक्सफर्ड, हाताची वेल्ट, माप शनिवारी संध्याकाळी, अॅडव्हान्स देऊन आलो. बाबा पण येणार आहेत, त्यांचा जुना जोड घेऊन, सोल बदलता येतो का विचारायला. शेवटचं एक, नाड्या ते देणार नाहीत म्हणाले, कुठल्या घेऊ?

लश्करवाला_ग्वाल्हेर

गोल, बारीक, मेण लावलेल्या सुती. चपट्या स्पोर्ट्सवाल्या नको. पाच जोडी भोकं असतील तर ७५ सेंटिमीटर बरोबर बसते. ऑक्सफर्डमध्ये वरून आडव्या समांतर रेघा दिसतील अशा ओव, क्रॉस नको, पट्ट्या नीट मिटतात.